यंत्राचे वय पुरे, तापमान विचारा

वापरलेली वैद्यकीय आणि प्रयोगशाळेतली उपकरणे विकत घ्यावीत की नाहीत, हा वाद सध्या दोन घोषणांमध्ये अडकून पडला आहे. देशी उत्पादक म्हणतात, श्रीमंत देशांनी टाकून दिलेला माल आपल्या माथी मारला जातो आहे. आयातदार आणि काही रुग्णालये म्हणतात, निम्म्या पैशांत तेच काम होत असेल तर आपण नव्याचा हट्ट का धरायचा? २०२५ च्या सुरुवातीला केंद्रीय औषध नियंत्रकांच्या कार्यालयाने सीमाशुल्क विभागाला कळवले की, वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ मध्ये रिफर्बिश्ड, म्हणजे वापरून झाल्यावर दुरुस्त केलेल्या, उपकरणांना परवाना देण्याची तरतूदच नाही, तेव्हा त्यांची आयात होऊ देता येणार नाही. त्यानंतर दोन्हीकडचे आवाज आणखी चढले. या गलक्यात एमआरआय आणि पीसीआर (डीएनएच्या असंख्य प्रती काढणारे यंत्र), रुग्णालय आणि महाविद्यालय, परदेशातून येणारे यंत्र आणि शेजारच्या जिल्ह्यातले यंत्र, सगळे एकाच पोत्यात भरले गेले. हा वाद झिरपत झिरपत एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयातल्या खरेदी समितीपर्यंत पोचतो, तेव्हा त्याचे एकच वाक्य उरलेले असते : "जुने घ्यायचे म्हणजे ऑडिटला उत्तर कोण देणार?" त्या वाक्यापाशी बैठक संपते, आणि बीएस्सी बायोटेक्नॉलॉजीची आणखी एक तुकडी पीसीआर फळ्यावर शिकून बाहेर पडते.

मला हे मान्य नाही. माझे म्हणणे असे : शिकवण्यासाठी आणि संशोधनासाठी वापरलेले, पण तपासून दुरुस्त केलेले पीसीआर यंत्र घेण्याची सार्वजनिक संस्थांना मुभा असली पाहिजे. त्याही पुढे जाऊन, नवे यंत्र मागणाऱ्या प्रत्येक प्रस्तावाला 'हा पर्याय पाहिलात का?' असे विचारले गेले पाहिजे. त्याला एक अट हवी आणि तिच्यात तडजोड नको. यंत्र प्रयोगशाळेत बसल्यावर, घेणाऱ्याच्या समोर, बिल मंजूर होण्याआधी त्याची ठरलेली चाचणी व्हावी; उतरले तर पैसे, नाही तर यंत्र परत. रुग्णाच्या हातात पडणारा अहवाल ज्या यंत्रावर निघतो, तिथले नियम वेगळे आणि कडक असावेत. आणि परदेशातून एकही यंत्र मागवण्याआधी, कोविडच्या काळात आपल्याच राज्यात घेतलेली यंत्रे कुठे आणि कोणत्या अवस्थेत आहेत, हे पाहावे.

जुने की नवे, हा प्रश्न सगळ्या यंत्रांना सारखा लागू होत नाही. यंत्र काय काम करते, त्यावर वयाचा अर्थ ठरतो. पीसीआरची कल्पना कॅरी मुलिस यांना १९८३ मध्ये सुचली. त्यासाठी त्यांना १९९३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. सुरुवातीच्या प्रयोगांत आजच्यासारखे यंत्र नव्हतेच. नळ्या गरम पाण्यातून काढायच्या, कमी तापमानाच्या पाण्यात ठेवायच्या, पुन्हा गरम करायच्या, आणि प्रत्येक फेरीला डीएनएची प्रत बनवणारे एन्झाइम नव्याने घालायचे, कारण ९४-९५ अंशांना आधीचे निकामी झालेले असायचे. यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत सापडलेल्या थर्मस अ‍ॅक्वाटिकस या जिवाणूचे टॅक पॉलिमरेज हे उष्णता सोसणारे एन्झाइम वापरात आले आणि ती कटकट संपली. १९८७ मध्ये पर्किन-एल्मर आणि सीटस या कंपन्यांनी थर्मल सायकलर, म्हणजे पीसीआरचे यंत्र, बाजारात आणला. साध्या थर्मल सायकलरचे काम तेव्हापासून आजवर तेच आहे : ब्लॉकमधल्या (धातूच्या ठोकळ्यात बसवलेल्या) नळ्या ९५ अंशांवर न्यायच्या, ५५-६० वर उतरवायच्या, ७२ वर चढवायच्या, आणि हे ३०-३५ वेळा करायचे. वेग वाढला, पडदा रंगीत झाला, पेन ड्राइव्हवर नोंदी घेता येऊ लागल्या. पण डीएनएला पडद्याशी देणेघेणे नाही. त्याला नळीतले तापमान तेवढे कळते. बारा-तेरा वर्षांपूर्वीच्या यंत्राचा ब्लॉक आजही ९५ म्हटल्यावर ९६ च्या ९६ वेलमध्ये (नळी बसवायच्या खाचांत) ९५ देत असेल, तर त्याला टाकाऊ म्हणायला आधार काय?

पण देत नसेल तर? ही शंका खरी आहे, आणि वापरलेल्या यंत्रांची बाजू घेणारे ती नेहमी उडवून लावतात. ब्लॉकच्या खाली पेल्टिअर मोड्यूल, म्हणजे विजेवर तापवणाऱ्या आणि थंड करणाऱ्या चकत्या, असतात. प्रत्येक फेरीला ते तापतात, निवतात, प्रसरण पावतात, आकुंचन पावतात. वर्षानुवर्षे हे चालले की आतले सांधे थकतात, एखादा मोड्यूल मंदावतो, आणि ब्लॉकचा एक कोपरा बाकीच्यांच्या मागे पडू लागतो. पडद्यावर मात्र ९५ च दिसत राहते, कारण सेन्सर ठरावीक जागीच असतो. झाकणाचा हीटर साधारण १०५ अंशांवर असतो, नळीतले पाणी वर जाऊन झाकणाला चिकटू नये म्हणून. तो कमजोर झाला की कडेच्या नळ्यांमधले द्रावण आटते आणि विद्यार्थी आपल्या पिपेटिंगला दोष देत बसतो. दुरुस्त करून विकणाऱ्याने यंत्र बाहेरून पुसले, नवा पंखा बसवला, स्टिकर लावले आणि ब्लॉकला हातच लावला नाही, असे होऊ शकते. होतेही. म्हणून विक्रेत्याच्या प्रमाणपत्रावर माझा विश्वास नाही. चाचणीवर आहे.

ती चाचणी काय असते, हे खरेदी समितीतल्या प्राचार्यांनाही कळावे म्हणून नीट सांगते. एकच मास्टर मिक्स (एन्झाइम आणि रसायनांचे मिश्रण) करायचे, एकच डीएनए, एकच प्रायमरची जोडी (कोणता भाग वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे). तापमान दोन अंशांनी घसरले तर नको तो बँड (जेलवर दिसणारा डीएनएचा पट्टा) देणारी, अशी थोडी हट्टी जोडी मुद्दाम निवडायची. ए-१, ए-१२, एच-१, एच-१२ हे चार कोपरे, मधले चार वेल आणि चारही कडांच्या मधोमध एक-एक वेल यांत तेच मिश्रण भरायचे. इथे एक खुबी आहे. डीएनए भरपूर घातले आणि ४० फेऱ्या केल्या, तर मागे पडलेला कोपराही शेवटी इतरांना गाठतो, सगळे बँड सारखेच जाड दिसतात आणि दोष झाकला जातो. विक्रेता डेमो देतो तो बहुतेक वेळा असाच. म्हणून डीएनए कमी घालायचे आणि २६-२८ फेऱ्यांवर थांबायचे. मग अगारोज जेलवर (डीएनएचे तुकडे आकारानुसार वेगळे करणाऱ्या थरावर) सगळे नमुने शेजारी शेजारी चालवायचे. बाराही बँड सारखे दिसले तर ब्लॉक धड आहे. एच ओळीचे बँड फिके पडले तर यंत्र परत. याला एक दुपार पुरते, खर्च काही शे रुपयांचा, आणि एमएस्सीच्या विद्यार्थ्यांना हे करायला दिले तर त्यांचे एक चांगले प्रात्यक्षिकही होते. हीच चाचणी नव्या यंत्रालाही लावावी, असे मी म्हणेन. नवे यंत्र खोक्यातून काढून सुरू केले, हिरवा दिवा लागला, इन्स्टॉलेशन रिपोर्टवर सही झाली आणि ब्लॉक कधी कोणी तपासलाच नाही, ही आपल्याकडची नेहमीची रीत आहे.

रिअल टाइम पीसीआरची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. तिथे डीएनए वाढत असतानाच मोजतात, म्हणून तापमानासोबत प्रकाशही मोजायचा असतो. अप्लाइड बायोसिस्टिम्सच्या ७५०० सारख्या यंत्रात हॅलोजन दिवा असतो. त्याचे आयुष्य सुमारे २,००० तास. दिवा बदलता येतो, पण बदलल्यावर ऑप्टिकल कॅलिब्रेशन (प्रकाशाच्या मोजणीची जुळणी) नव्याने करावे लागते, आणि ते न करता विकलेली यंत्रे बाजारात फिरतात. बायो-रॅडच्या सीएफएक्स ९६ मध्ये एलईडी असल्याने दिव्याची चिंता कमी. रोटर-जीनमध्ये ब्लॉकच नाही, नळ्या गरम हवेत फिरतात, त्यामुळे कोपरे मागे पडण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणजे 'जुने रिअल टाइम यंत्र घ्यावे का?' या प्रश्नाला मॉडेलचे नाव कळल्याशिवाय उत्तर नाही. चाचणी मात्र इथेही आहे, आणि ती आकड्यांत बोलते. ९६ वेलमध्ये एकच मिश्रण भरल्यावर सीटीचे (कितव्या फेरीला डीएनए दिसू लागला त्याचे) आकडे एकमेकांच्या किती जवळ येतात? सीटीत एकाचा फरक म्हणजे मूळ डीएनएत दुपटीचा फरक, हे लक्षात घेतले तर अर्ध्याचा विखुरलेपणाही खपवून घेता कामा नये. दहापट-दहापट पातळ केलेल्या नमुन्यांच्या रेषेचा उतार उणे ३.३ च्या आसपास येतो का? ७५०० साठी कंपनीचीच आरएनेज पी ही चाचणीची प्लेट मिळते. ५,००० आणि १०,००० प्रतींमधला फरक यंत्र ओळखते की नाही, ते तिच्यावर कळते. या आकड्यांपुढे यंत्र कोणत्या साली बनले हा तपशील दुय्यम ठरतो.

आता विरोधकांचा सगळ्यात जड मुद्दा घेते. जुना माल गरीब देशांवर लादला जातो, हे खोटे नाही. आपण ते अनुभवले आहे. १९६० च्या दशकात आयबीएमने इतर देशांत वापरून झालेली १४०१ संगणकयंत्रे भारतात आणली, मुंबईच्या कारखान्यात दुरुस्त केली आणि इथल्या कंपन्यांना, सरकारी कार्यालयांना भाड्याने दिली. प्रगत देश पुढच्या पिढीच्या संगणकांकडे वळले होते, आणि आपण मागच्या पिढीचे भाडे भरत होतो. त्याचा राग संसदेपर्यंत पोचला. पुढे परकी भांडवलाच्या कायद्यावरून खटके उडाले आणि १९७८ मध्ये आयबीएमने भारतातला गाशा गुंडाळला. आज 'कचराकुंडी' हा शब्द वापरणाऱ्यांच्या मनात ही जखम असते, आणि ती असणे रास्त आहे. पण त्या व्यवहारात नेमके काय चुकले होते? यंत्र भाड्याचे, त्यामुळे ते उघडायचा हक्क आपल्याला नाही. किंमत ठरवणारा एकच, तुलनेला दुसरे काही नाही. यंत्राची खरी अवस्था ठाऊक असलेला तोच आणि दुरुस्त करणाराही तोच. या तीन गोष्टी असल्या की कोरे करकरीत यंत्रही गळफास होते. आयबीएम गेल्यावर मागे राहिलेल्या त्याच यंत्रांची देखभाल सरकारच्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनने हाती घेतली, इथल्या अभियंत्यांनी ती चालवली, आणि त्या हातांतून पुढे काय उभे राहिले हे आपण जाणतो. कालपर्यंत परावलंबनाचे प्रतीक असलेली यंत्रे, उघडायची परवानगी मिळाल्यावर शाळा झाली.

दुसरे उदाहरण मुंबईकरांच्या डोळ्यांसमोरचे. आयएनएस विराट ही विमानवाहू नौका म्हणजे ब्रिटिश नौदलाची एचएमएस हर्मिस. १९५९ पासून सेवेत होती, १९८२ च्या फॉकलंड युद्धात लढली होती. १९८६ मध्ये आपण ती घेतली, डेव्हनपोर्टच्या गोदीत तिची डागडुजी झाली, आणि १९८७ ते २०१७ अशी तीस वर्षे ती आपल्या नौदलात राहिली. त्याच नौदलाने पुढे रशियाची वापरलेली गोर्शकोव्ह ही विमानवाहू नौका घेतली. करार २००४ चा, जहाज द्यायचे ठरले २००८ ला, हाती आले २०१३ च्या अखेरीस, आणि खर्च दुपटीच्या पुढे गेला, कारण जहाजाच्या आत बदलायला किती काय आहे याचा अंदाजच करार करताना चुकला होता. दोन्ही जहाजे वापरलेलीच. एकीची अवस्था घेताना ठाऊक होती, दुसरीची नव्हती. यातून 'वापरलेले घेऊ नका' असा धडा कसा निघेल? निघतो तो हाच, की आत काय आहे ते पाहिल्याशिवाय सही करू नका.

रुग्णांच्या बाबतीत मात्र मी विरोधकांच्या बाजूने आहे. क्षयरोगाचा नमुना असताना यंत्राने 'नाही' म्हटले, तर त्याची किंमत माणूस मोजतो, त्याच्या घरचे मोजतात. पुन्हा जेल चालवून पाहण्याची सोय तिथे नसते. वापरलेल्या अतिदक्षता उपकरणांची आयात २०१६ च्या घातक कचरा नियमांनी आधीच रोखलेली आहे, आणि निदानाच्या यंत्रांबाबत स्पष्ट नियम होईपर्यंत औषध नियंत्रकांनी दार बंद ठेवले तर मी तक्रार करणार नाही. तरी एक गोष्ट नजरेआड होऊ नये. वैद्यकीय प्रयोगशाळांना मान्यता ज्या आयएसओ १५१८९ मानकानुसार मिळते, ते यंत्राचे वय विचारत नाही. यंत्र वापरात आणण्याआधी, आणि दुरुस्तीनंतर पुन्हा वापरात आणण्याआधी, ते ठरलेल्या निकषांना उतरते का हे पडताळा, असे सांगते. निदानासाठीही कसोटी कामगिरीचीच आहे. मग महाविद्यालयातल्या प्रात्यक्षिकाला, किंवा जळगावच्या केळीच्या टिश्यू कल्चर प्रयोगशाळेत बंची टॉप रोगाचा विषाणू आहे की नाही हे जेलवर बघण्याला, वयाची अट कोणत्या तर्काने लावायची? तिथे प्रश्न बँड आहे की नाही एवढाच असतो, आणि दर वेळी खात्रीचा पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह नमुना शेजारी चालवून यंत्राची परीक्षा रोजच होत असते.

खरी अडचण मला वेगळीच दिसते : सॉफ्टवेअर आणि सुटे भाग. साधा थर्मल सायकलर स्वतःच्या पडद्यावर चालतो, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. रिअल टाइम यंत्र संगणकाशिवाय मुके. ते सॉफ्टवेअर विंडोज एक्सपी किंवा सेव्हनवर अडकलेले, परवाना मूळ मालकाच्या नावावर, डाँगल (सॉफ्टवेअर उघडणारी किल्ली) हरवलेला, आणि कंपनीने त्या मॉडेलची सेवा बंद केल्याचे जाहीर केलेले. असे यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नये, इतके माझे मत ठाम आहे. घ्यायचेच तर मूळ संगणक, सॉफ्टवेअरची मूळ प्रत, परवाना हस्तांतराचे पत्र आणि आधीच्या फेऱ्यांच्या नोंदी यंत्रासोबत आल्या पाहिजेत. सुट्या भागांचे काय, यावर इचलकरंजी आणि भिवंडीकडे पाहावे. गिरण्यांनी काढून टाकलेले माग भिवंडीत चालले, परदेशातले वापरलेले बिनधोट्याचे माग इचलकरंजीत आले, आणि ते टिकले ते तिथे फिटर होते, जॉबर होते, सुटा भाग ओतून, कातून देणारे कारखाने होते म्हणून. पीसीआर यंत्रासाठी अशी माणसे आपल्याकडे आहेत. पुण्या-मुंबईत स्वतंत्रपणे काम करणारे, आधी कंपनीत सेवा अभियंता असलेले कितीतरी जण पेल्टिअर बदलतात, पॉवर बोर्ड दुरुस्त करतात. पण निविदेत 'फक्त कंपनीचा अधिकृत प्रतिनिधी' अशी अट असते आणि ते दाराबाहेर राहतात. ग्रामीण भागात यंत्र बिघडण्याचे मोठे कारण तर यंत्रात नसतेच. ते विजेच्या दाबात असते. वाचलेल्या पैशातून ऑनलाइन यूपीएस घेतला तर जुने यंत्र नव्यापेक्षा जास्त जगेल.

भ्रष्टाचाराचा मुद्दा कोणी उघडपणे मांडत नाही, पण खरेदी समितीच्या मनात तोच असतो. नव्या यंत्राला छापील दर असतो, दुसऱ्या विद्यापीठाची खरेदी ऑर्डर दाखवता येते. वापरलेल्याला काय? एकाच माणसाच्या तीन नावांनी तीन दरपत्रके येणार, सिरीयल नंबरची पाटी बदललेली असणार, आणि चार लाखांचे यंत्र नऊ लाखांना गळ्यात पडणार. ही भीती मी शंभर टक्के मान्य करते. पण नव्या खरेदीत हे होत नाही का? सगळ्यात कमी दराच्या निविदेवर नाव न ऐकलेल्या कंपनीचे कोरे यंत्र येते, वॉरंटी संपते, एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) दर ऐकून संस्था हात टेकते, आणि यंत्र डेडस्टॉक रजिस्टरातल्या (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीतल्या) एका ओळीपुरते उरते. त्यावर ऑडिटचा आक्षेप कधी येत नाही, कारण कागद सगळे नीट असतात. वापरलेल्या खरेदीला कागद कसे द्यायचे, हे ठरवणे अवघड नाही : किंमत त्याच मॉडेलच्या किंवा त्या जागी आलेल्या नव्या मॉडेलच्या दराच्या निम्म्यावर कधीच जाऊ नये, सिरीयल नंबर उत्पादकाकडून पडताळून घ्यावा, चाचणीचे जेलचे फोटो आणि सीटीचे तक्ते फाइलला लावावेत, आणि किमतीचा चौथा हिस्सा वर्षभर रोखून ठेवावा. केंद्राने जून २०२५ मध्ये आपल्या वैज्ञानिक संस्थांसाठी खरेदीचे नियम सैल केले. समितीमार्फत खरेदीची मर्यादा १० लाखांवरून २५ लाखांवर नेली. राज्याच्या विद्यापीठांना आणि महाविद्यालयांना तसा हात मोकळा करून देताना ही चौकट सोबत जोडता येईल.

देशी उत्पादकांचे काय? त्यांच्याबद्दल मला आस्था आहे. गोव्याच्या मोलबायोचे ट्रूनॅट हे आपल्या मातीतले पीसीआर आहे. क्षयरोगाच्या निदानासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ते उचलून धरले. प्राथमिक आरोग्य केंद्रात, बॅटरीवर, कमी प्रशिक्षित हातांनी चालेल असे यंत्र परदेशातून जुने आणायची गरज नाही, आणि आणूही नये. पण ज्या महाविद्यालयाकडे नवे रिअल टाइम यंत्र घ्यायला १५-२० लाख नाहीत, ते देशी कंपनीचेही गिऱ्हाईक नाही. ते कोणाचेच गिऱ्हाईक नाही. त्याला वापरलेले यंत्र नाकारल्याने देशी कंपनीचे एकही यंत्र जास्त खपत नाही. उलट पीसीआर हाताळलेली मुले बाहेर पडली, तरच उद्या अशा कंपन्यांना माणसे मिळतील. आज काय स्थिती आहे? कितीतरी विभागांत एकच थर्मल सायकलर, तोही विभागप्रमुखांच्या खोलीत कापड घालून ठेवलेला, 'बिघडला तर?' या धास्तीने वर्षातून दोनदा सुरू होणारा. मुले जर्नलमध्ये पुस्तकातल्या जेलच्या फोटोची झेरॉक्स चिकटवतात आणि प्रात्यक्षिक झाल्याची सही होते. वीस लाखांचे यंत्र कोणी मुलांच्या हाती देत नाही. दीड लाखाचे देतात. माझ्या मते वापरलेल्या यंत्राच्या बाजूचा हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे, आणि वादात तो कोणी मांडतच नाही.

पैशांबाबत एक गोष्ट मात्र स्पष्ट करायला हवी, कारण 'वाचलेल्या पैशांत रसायने घ्या' हे वाक्य फार सहज उच्चारले जाते. आपल्या अनुदानांत यंत्राचा पैसा अनावर्ती शीर्षाखाली येतो आणि मास्टर मिक्स, प्रायमर, टिप, प्लेट यांचा आवर्ती शीर्षाखाली. एकातले दुसऱ्यात वळवता येत नाही. त्यामुळे दहा लाख वाचवणाऱ्या विभागाला बक्षीस काहीच नाही. पैसा परत जातो आणि पुढच्या वर्षी 'गेल्या वेळी खर्च झाला नाही' म्हणून कमी मिळतो. मार्च एंडला महागडे नवे यंत्र घेणारा विभागप्रमुख उधळ्या नसतो. नियमच त्याला तिकडे ढकलतात. तेव्हा वापरलेल्या यंत्राला परवानगी देताना, बचतीचा ठरावीक भाग पुढच्या तीन वर्षांच्या रसायनांसाठी आणि दुरुस्तीसाठी राखता येईल, अशी तरतूद त्याच आदेशात हवी. तिच्याशिवाय परवानगी कागदावर राहील.

आता कोविडच्या यंत्रांकडे येते. जानेवारी २०२० मध्ये देशात कोरोनाची चाचणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतच होत होती. त्याच वर्षाच्या जूनअखेरपर्यंत चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळा हजारावर गेल्या, आणि पुढे त्या आणखी वाढल्या. जिल्हा नियोजनच्या निधीतून, कंपन्यांच्या सीएसआरमधून, देणग्यांतून ही यंत्रे आली. काही ठिकाणी ती आज डेंग्यू, हिपॅटायटिस, स्वाइन फ्लू यांसाठी वापरात आहेत आणि त्यांना कोणी हात लावू नये. पण जिथे तंत्रज्ञांची कंत्राटे संपली आणि खोलीला कुलूप लागले, तिथली यंत्रे आता निर्लेखनाची (नोंदीतून कमी होण्याची) वाट पाहत आहेत. आरोग्य खात्याचे यंत्र उच्च शिक्षण खात्याच्या महाविद्यालयाला द्यायचे कसे, याची मळलेली वाट नाही. म्हणून ते आधी भंगारात निघणार आणि मग एखादा व्यापारी ते उचलून, पुसून, आपल्यालाच विकणार. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या २०२२ च्या श्रीमान मार्गदर्शक तत्त्वांत संशोधन उपकरणांची देखभाल आणि सामायिक वापर यांचा आग्रह आहे. आय-स्टेम पोर्टलवर देशभरातल्या संस्थांची उपकरणे एकमेकांना वापरायला मिळतात. राज्याला यातले काहीच नव्याने शोधायचे नाही.

घाई अशासाठी, की बंद पडून राहिलेले पीसीआर यंत्र जसेच्या तसे राहत नाही. आरशांवर, लेन्सवर बुरशी धरते, पावसाळ्यात बोर्ड गंजतात, उंदीर वायरी कुरतडतात, मूळ संगणक कोणीतरी दुसऱ्या कामाला उचलून नेतो आणि सॉफ्टवेअर त्याच्यासोबत जाते. जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांना एक पानी नमुना पाठवावा : मॉडेल, सिरीयल नंबर, संगणक सोबत आहे का, शेवटचे कॅलिब्रेशन कधी, सध्या वापरात आहे का. उत्तरे आली की विद्यापीठाच्या एका विभागाने दोन प्रशिक्षित माणसे, ब्लीचचे द्रावण, कॅलिब्रेशन प्लेट आणि जेलचा डबा घेऊन जिल्ह्यात जावे. वेल आधी ब्लीचने आणि मग पाण्याने पुसून बॅकग्राउंड (रिकाम्या वेलमधून येणारा प्रकाश) तपासावी, वर सांगितलेली चाचणी लावावी, उतरलेली यंत्रे संगणक आणि यूपीएससह महाविद्यालयांच्या डेडस्टॉकवर चढवावीत, न उतरलेल्यांचे पेल्टिअर, दिवे आणि पॉवर बोर्ड बाकीच्यांसाठी काढून ठेवावेत. नमुना उन्हाळ्याच्या सुट्टीत गेला, तर दुसऱ्या सत्राच्या प्रात्यक्षिकांना यंत्रे टेबलावर असतील.